कापडाखालची हजेरी

अक्का गेल्याची बातमी अकरा पायऱ्या चढून आली. तिची बालवाडी लातूरच्या आमच्याच घराच्या तळमजल्यावर, आणि तिची राहायची खोली बालवाडीच्या मागे. बालवाडीच्या मदतनीस सुलतानाबाई सकाळी वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, खाली या. बाई उठंनात." मी घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. का पाहिलं, माहीत नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. आज सदतीस दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही...

त्याआधी एकोणीस दिवस मी तिला तळमजला रिकामा करायला सांगितलं होतं. ही गोष्ट वगळून तिच्याविषयी लिहिणं खोटं ठरेल. क्लासेससाठी उमरी-मुदखेडपासून निलंग्यापर्यंतची मुलं आमच्या गल्लीत राहतात. एका वसतिगृहवाल्याला जागा हवी होती. बालवाडीतली मुलं तर दरवर्षी कमीच होत होती. चार वर्षांच्या पोरानं गाणी म्हणण्यापेक्षा पाढे म्हणावेत, असं पालकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. माझी मुलगी मी तिच्याकडे पाच महिनेच ठेवली. "दिवाळीपर्यंत बघ," मी म्हणालो. अक्का मुलांच्या खेळायच्या कापडाची घडी घालत होती. "बरं," म्हणाली. मग म्हणाली, "आठ खाटा बसतात. मी मोजलंय. एवढा हिशेबी तू, अन् मोजायला मीच व्हय?"

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. निलंग्याकडच्या एका खेड्यात शिक्षिका होती. मेहुणे लवकर वारले. भूकंपात तिचं घर पडलं. तिला लोकांनी बाहेर काढलं. चार वर्षांची मुलगी आतच राहिली. मी पोचलो तेव्हा अक्का दगडांवर वाकून हाका मारत होती. आतून ओ येत नव्हती.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर तिथली लहान मुलं छपराखाली यायला तयार होईनात. भर उन्हात बाहेर बसून राहायची. मदतीला आलेल्या एका मुलीनं पॅराशूटचं मोठं गोल कापड आणलं होतं. सगळ्यांनी कड धरायची, एकदम वर उडवायचं. हवा भरली की ते तंबूसारखं फुगतं आणि मग सावकाश खाली उतरतं. तिसऱ्या दिवशी मुलं आपण होऊन त्याखाली शिरली. अक्का बघत होती. "पडलं तरी लागत न्हाई हे," ती म्हणाली.

ती मुलगी कापड घेऊन परत गेली. तेव्हा मदतीत आलेल्या हलक्या नायलॉनमधून मी अक्कासाठी तसंच एक करायला घेतलं. बारा तुकड्यांचं वर्तुळ, हिशेब चोख केला, शिवून अंथरलं, तर कडेला चुण्या. सपाट बसेचना. मोजले तर तुकडे तेरा. मी मोजण्यात चुकत नाही. त्या महिन्यात चुकलो. उसवतो म्हणालो, तर म्हणाली, "राहू दे. चांगलं फुगतंय."

लातूरला बालवाडी काढल्यावर तिनं त्या खेळाला स्वतःचं गाणं जोडलं. "वर गेलं आभाळ, खाली आलं आभाळ, आभाळाच्या पोटात कोण कोण हाय?" मग बाहेरच्यांनी एकेक नाव पुकारायचं आणि कापडाखालच्यानं "हाय" म्हणायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. "अक्का, हा कसला खेळ?" मी विचारलं. "हाक मारली की ओ द्यायची सवय लागू दे पोरांना." एवढंच तिचं उत्तर. मी पुन्हा तो खेळ बघायला गेलो नाही. वर गाणं ऐकू यायचं, पुढची नावं रस्त्यावरच्या मोटारसायकलींत बुडायची.

तेराव्यानंतरच्या सोमवारी सुलतानाबाईंनी विचारलं, "उघडू का, भाऊ? पोरं दारात हायेत." उघडा म्हणालो. "मग चला. कापड धरायला माणूस कमी हाय." मी अक्काच्या जागी कड धरली. एक मुलगी म्हणाली, "काका, लई उंच नका धरू, आमचे हात न्हाई पुरत." मी वाकलो. कापड वर गेलं, मुलं आत शिरली, नावं पुकारली गेली. सतरा नावं, सतरा ओ. मी मोजत होतो. मी कड सोडणार, तेवढ्यात सुलतानाबाईंनी अठरावं नाव पुकारलं. "मनू..."

कापडाखालून सगळी पोरं एकदम ओरडली, "हाय."

मनू आमच्या अक्काची मुलगी. भूकंपानंतर घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. मी सुलतानाबाईंना विचारलं, "मनू कोण, हे मुलांना ठाऊक आहे?"

"न्हाई. बाई रोज शेवटी हाक मारायच्या. पोरांना वाटतं, एक पोरगी यायची राहिली हाय."

संध्याकाळी वसतिगृहवाला मोजायचा टेप घेऊन आला. जागा रिकामी नाही, मी म्हणालो. "अजून किती मुलं आहेत हो?" त्यानं विचारलं.

मी अठरा सांगितली.