उपडा हात

मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्या मुलीसमोर ह्यांनी डावा हात उपडा धरला, मूठ वळून. ती हसली. "काका, नुसतं बोट पुढे करा."

मी मागे रांगेत उभी होते. मला आमची मागची खोली आठवली. साथीच्या दिवसांत हे नागपूरहून परतले, तेव्हा स्टेशनवरच त्यांच्या हाताच्या पाठीवर अशाच न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला होता. घराबाहेर पडायचं नाही, घरातही मागच्या खोलीतच राहायचं. मी चहा दाराशी ठेवून बाहेर पाटावर बसायची आणि बंद दारातून आमच्या गप्पा चालायच्या, अगदी नव्या लग्नातल्यासारख्या. गल्ली इतकी शांत, की ह्यांनी चहावर मारलेली फुंकरही ऐकू यायची. ते दिवस मला अजूनही हवेसे वाटतात.

त्याच दिवसांत पलीकडच्या गल्लीत राहणारी ह्यांची बहीण वारली. मी म्हटलं, "लांबून तरी बघून या." आतून आवाज आला, "शिक्का आहे गं."

नियम गरजेचा होता, हे मला तेव्हाही पटलं होतं. पण तो किती दिवस, कुणी ठरवला, हे विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. शाई पुढे फिकी होत गेली. हात मात्र उपडा व्हायला शिकला तो शिकलाच.

बाहेर आल्यावर ह्यांनी बोटावरची ओली शाई पाहिली आणि सवयीने विचारलं, "आता सरळ घरीच ना?"

"नाही," मी म्हटलं, "आज वन्संच्या गल्लीतून जाऊ."