मधला स्टंप

“याच्या हाताला भोकं आहेत. बापानं शिवताना बुजवायची राहिली असतील.”

धाकटे सरकार हे म्हणाले तेव्हा त्यांच्या हातात चहाची बशी होती. तंबूत हशा पिकला. मुंबईचे पाहुणे हसले. कारभारी हसले. ताटल्या पुसणारा वाढपीसुद्धा हसला. मी तंबूच्या बाहेर, दोरीच्या अलीकडे उभा होतो. माझा चहा करवंटीत. काखेत माझे हातमोजे. बापानं शिवलेले.

पाहुण्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग घड्याळाकडे. त्यांना कोरेगावची गाडी गाठायची होती. ते प्रांताच्या संघासाठी विकेटकीपर शोधत फिरत होते. कुणीतरी त्यांच्या कानावर माझं नाव घातलं होतं, म्हणून ते आमच्यासारख्या आडगावी आले होते. खिशातून वही काढली, काहीतरी खोडलं, वही खिशात टाकली.

ते खोडलेलं नाव माझं होतं.

आमचं संस्थान सातारा-सांगलीच्या दरम्यानचं. नाव लिहीत नाही. लिहिण्याएवढं मोठंही नव्हतं. एक राजवाडा, एक शाळा, एक मैदान. मैदान मात्र झकास होतं. धाकट्या सरकारांना क्रिकेटचं वेड. आम्ही चांभार. बाप मोटा शिवायचा, वहाणा शिवायचा आणि राजवाड्यावरचे उसवलेले चेंडूही शिवायचा. चेंडू पोचवायला मी जायचो. यष्टीमागे उभं राहायला कुणी तयार नसायचं, कारण बोटं मोडायची. सरदारांच्या पोरांना बोटं प्यारी होती. एके दिवशी मला उभं केलं. मी उभा राहिलो तो आठ वर्षं.

बापानं बकऱ्याच्या कातड्याचे मोजे शिवले, आत सावरीचा कापूस भरला. तरी माझी तीन बोटं वाकडी झालीच. त्या वाकड्या बोटांच्या जोरावर मी पगार ठरवून घेतला. माळ्याचा पगार देत होते, मी घोडेवाल्याचा मागितला. मला माहीत होतं, त्यांना दुसरा कुणी मिळणार नाही. मिळाला नाही. माझ्या हातातला चेंडू सरकार आपल्या विजारीला घासून चकाकी आणायचे. पाण्याचा तांब्या मात्र वेगळा. ह्यातलं काय विटाळतं आणि काय विटाळत नाही, ते त्यांनाच ठाऊक.

पण हे दुखणं जुनं. मी सांगतोय ते दुसरं आहे.

राजवाड्याच्या मैदानावर दर पंधरवड्याला सामना व्हायचा. सरकारांची बाजू आणि गावची बाजू. मी गावच्या बाजूनं. आमचा गोलंदाज इस्माईल, राजवाड्यावरचा नालबंद. दिवसभर घोड्यांच्या खुरांना नाल ठोकायचा आणि संध्याकाळी असा चेंडू वळवायचा की फलंदाज बघतच राहायचा. पंच म्हणून कारभारी.

सरकारांना पुढं सरसावून मारायची हौस. चेंडू वळायचा, बॅटची फळी हुकायची, सरकार क्रीझच्या बाहेर हातभर. चेंडू माझ्या मोज्यात. आता यष्टीवरची बेल उडवायची, की सरकार बाद. शेंबडं पोरही उडवील.

उडवायची नाही. हा तिथला रिवाज.

कुणी लिहून ठेवलेला नव्हता. पहिल्याच वर्षी कारभाऱ्यांनी कानात सांगितला होता. नुसता धरून ठेवलास तर सरकारांना ओशाळं वाटतं, म्हणाले. चेंडू सांडला पाहिजे. तोही असा, की बघणाऱ्याला खरा वाटावा. मग सरकार सावकाश मागं येणार, फळी जमिनीवर टेकवणार आणि म्हणणार, “सुटला रे!”

मी चेंडू सांडायचा सराव केला. घराच्या मागं, भिंतीवर चेंडू मारून. पकडायचा सराव सगळे करतात. सांडायचा सराव करणारा मी एकटाच असेन.

इस्माईल म्हणायचा, “घोडं बी नाल मारताना एवढं पुढं येत न्हाई, गड्या. आन् तू सोडतोस!”

“तुला म्हाईत हाय का सोडतो ते.”

“व्हय. पर हसू येतंय, त्याला काय करू?”

पाहुणे येणार कळल्यावर मी कारभाऱ्यांना गाठलं. म्हटलं, आज एकदा उडवू द्या. एकदाच. माझ्या जन्माचा प्रश्न आहे. कारभारी हुशार माणूस. नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, “सरकारांचे पन्नास होऊ देत. मग उडव. मी बोट वर करीन. शब्द दिला.”

मी हिशेबी माणूस. चामड्याच्या बाजारात मला फसवणारा भेटला नाही. पण त्या सकाळी मी भोळा झालो. पन्नास होईतो तीन वेळा सरकार बाहेर आले. तीन वेळा मी चेंडू सांडला. पाहुणे समोर बसून बघत होते. मी मनात म्हणत होतो, थांबा साहेब, थांबा. आता दाखवतो.

पन्नासावी धाव झाली. सरकारांनी फळी उंच केली, हातमोजे काढले आणि तंबूकडे चालू लागले. खेळ थांबला. चहाची वेळ झाली.

मी कारभाऱ्यांकडे बघितलं. ते खिशातला रुमाल शोधत होते.

त्यानंतर तंबूत ते वाक्य. हाताला भोकं. बापानं शिवताना.

मला उलट बोलता आलं असतं. “हुकमानं सांडले,” एवढे दोन शब्द. बोललो नाही. ती लाज मला त्या करवंटीपेक्षा जास्त चावते.

घरी बाप आरी घेऊन बसला होता. गावातली गोष्ट त्याच्यापर्यंत माझ्या आधी पोचली होती. त्यानं माझे मोजे मागून घेतले. उजेडाकडे धरले. शिवण न् शिवण बोटानं चाचपली. मग परत दिले.

“कुटं भोक न्हाई,” तो म्हणाला.

एवढंच.

पंधरा दिवसांनी आम्ही सांगलीला खेळायला गेलो. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघाविरुद्ध. तिथं मी संस्थानच्या बाजूनं, सगळ्यांसोबत. त्यांचा एक फलंदाज, हळदीचा दलाल, पुढं सरसावला. चुकला. चेंडू माझ्या मोज्यात आला. हा काही सरकार नव्हता. हुकूम नव्हता, रिवाज नव्हता. आणि माझ्या हातांनी चेंडू सांडला.

मी नाही. हातांनी.

तो दलाल परत फिरला आणि दात काढून म्हणाला, “लय उपकार झालं, दादा!”

मी खाली पडलेल्या चेंडूकडे बघत राहिलो. सरकार तंबूत खोटं बोलले होते. आता ते खरं झालं होतं. आठ वर्षांत त्यांनी माझ्या हाताला खरोखरच भोकं पाडली होती. करवंटीतून चहा पाजला तेव्हा माझ्याकडचं काही गेलं नव्हतं. हे मात्र माझं होतं. माझं एकमेव.

त्या दिवशी माझं डोकं ताळ्यावर आलं. परतीच्या वाटेवर मी इस्माईलला म्हटलं, “पुढच्या सामन्याला मी उडवणार.”

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “तुझी नोकरी जाईल. माझी बी.”

“तू नुसता चेंडू टाक. तेवढ्यासाठी कोण काय म्हणंल?”

“म्हणत्यात गड्या, म्हणत्यात. पर टाकतो.”

पुढच्या सामन्याला गावातली गर्दी नेहमीचीच होती. बाजाराचा दिवस, त्यामुळे उसाचे मळेवाले, रजेवर आलेले दोनचार फौजी, बांगडीवाले. सरकार उतरले. तिसऱ्याच षटकात इस्माईलनं चेंडू उंच टाकला. सरकार पुढं आले. हुकले. मी बेल उडवली.

आणि ओरडलो. आठ वर्षांत पहिल्यांदा.

सरकारांनी मागं वळून बघितलं. त्यांना मागं वळायची सवय नव्हती. कारभाऱ्यांनी मान हलवली. “नाबाद.”

“कारभारी, हातभर बाहेर आहेत.”

“नाबाद म्हटलं ना!”

मी बेल परत ठेवली. पुढच्या षटकात सरकार आणखी पुढं आले. मुद्दाम. मला जागा दाखवायला. मी पुन्हा उडवली. कारभारी, “नाबाद.” ह्या वेळी गर्दीतून कुणी फौजी ओरडला, “आवं कारभारी, आवट हाय की! आंधळं झालासा का?” लोक हसले. सरकारांचे कान लाल झाले.

मग कारभाऱ्यांनी डोकं चालवलं. ते शांतपणे यष्टीपाशी आले, दोन्ही बेल उचलल्या आणि खिशात टाकल्या. म्हणाले, “वारा फार आहे. बेल राहत नाहीत.” पानही हलत नव्हतं. बेलच नाही तर मी उडवणार काय? सरकार हसले. तंबूही हसला.

पण खेळाचे नियम मी त्यांच्याच तंबूबाहेर उभा राहून ऐकले होते. शाळामास्तर सरदारांच्या पोरांना समजावून सांगायचे, पोरं जांभया द्यायची, मी कान देऊन ऐकायचो. बेल नसेल तर चेंडू धरलेल्या हातानं स्टंप जमिनीतून उपटायचा. तोही बादच.

इस्माईलनं टाकला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात गोड चेंडू. सरकार निर्धास्त पुढं आले, दोन पावलं, तीन पावलं. मी चेंडू घेतला, त्याच हातानं मधला स्टंप धरला आणि मुळासकट उपटला. वर धरला. टोकाला लाल माती.

“आता सांगा,” मी म्हणालो.

गर्दी उठून उभी राहिली. “आवट! आवट!” मळेवाले ओरडत होते, बांगडीवाले ओरडत होते. कारभाऱ्यांचं बोट वर गेलं नाही. त्यांनी हात पाठीमागं नेले.

सरकार जवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, “कातड्याच्या जातीनं कातड्यापुरतं राहावं.”

मी म्हणालो, “सरकार, क्रीझमध्ये राहायचं असतं.”

आणि मैदानातून चालत निघालो. स्टंप हातातच होता.

तीन दिवसांत राजवाड्यानं बापाचं काम बंद केलं. घराची जागा संस्थानची होती, तीही गेली. इस्माईलचा तबेला सुटला. आम्ही बैलगाडीत बापाची रापी, आरी आणि इस्माईलची ऐरण टाकली आणि सांगलीची वाट धरली. वाटेत बापानं एकच विचारलं.

“भाईर हुतं न्हवं?”

“व्हय आबा. तिन्ही वेळा.”

“मग बास.”

सांगलीत त्याच व्यापाऱ्यांच्या संघानं मला घेतलं. मी त्यांनाही सोडलं नाही. पगाराआधी पंगत ठरवली. सगळ्यांबरोबर, तशाच ताटात, त्याच तांब्यातलं पाणी. नाहीतर दुसरा कीपर बघा. दोघे उठून गेले. हळदीचा दलाल राहिला. म्हणाला, “तू माझा एक सोडलास, मी तुझ्यासाठी दोघं सोडतो.” सराव करून हात पुन्हा खरे व्हायला मला सबंध एक हंगाम लागला. प्रांताच्या संघाची वेळ तोवर निघून गेली होती. वाकड्या बोटांचं वय लवकर होतं.

आज माझं दुकान आहे. चेंडू, मोजे, पॅड. चांगला माल, भाव एकच. गादीच्या मागं भिंतीला तो स्टंप टेकवलेला आहे. टोकाची माती मी पुसलेली नाही.

संस्थानं गेली. निवडणुका येणार असं लोक बोलू लागले. आणि गेल्या महिन्यात दुकानाच्या पायरीवर कारभारी. केस पांढरे, टोपी खादीची. पायरीवर अंमळ थांबले. मी “या” म्हणालो. बसायला सांगितलं नाही.

“सरकारांनी आठवण काढली,” ते म्हणाले. “मोठा सामना ठेवलाय. सगळ्या आळ्यांतली माणसं येणार. तुम्ही सरकारांच्या बाजूनं यष्टीमागे उभे राहा. मग पंगतीला सरकारांच्या शेजारी बसायचं. शाल देणार आहेत.”

मी आता “तुम्ही” झालो होतो.

“मताला आमची आळी लागतीय व्हय?” मी विचारलं.

ते हसले. “तुम्ही जुने, मुरलेले. तुमचं काय मागणं असेल ते बोला.”

“मी स्टंप उपटला त्या दिवसाची वही आहे ना? धावा लिहिलेली?”

“असेल. दप्तरात.”

“तीत सरकारांच्या नावापुढं बाद लिहा. खाली सरकारांनी सही करायची. आणि सामन्याआधी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. मग येतो.”

कारभाऱ्यांनी टोपी सारखी केली. “तेवढं सोडून बोला.”

“तेवढंच आहे.”

“अहो, साधा खेळ तो. किती वर्षं मनात धरायचं?”

“तुम्ही शब्द दिला होता, कारभारी. पन्नास झाल्यावर. मी अजून थांबलोय.”

ते वळले. मी थांबवलं नाही. ते पायरी उतरत असताना मी एवढंच म्हणालो, “सरकारांना सांगा, मी येणार आहे. पण समोरच्या बाजूनं. इस्माईल येतोय. मोबदला नको.”

आयुष्यात मी फुकट कधी खेळलो नाही. हा एक सामना फुकट खेळणार आहे. पंच गर्दीतून निवडायचा, हे मी त्या गावातल्या मळेवाल्यांना आणि फौजींना आत्ताच पत्र टाकून कळवलं आहे. सरकार पुढं सरसावतील. क्रीझमध्ये राहायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

भिंतीचा स्टंप मी बरोबर नेणार आहे. त्याच मैदानात, त्याच जागी, मधोमध रोवणार आहे. आणि चेंडू हातात आला की पुन्हा उपटणार आहे. पंचाचं बोट वर जाईपर्यंत मी तिथून हलणार नाही.