झुलालने फोडलेले घुमट

एरंडोल तालुक्यात कुणाला गोबरगॅस बांधायचा असला की झुलाल मिस्तरीला निरोप जायचा. बाविसाव्या वर्षी तो एका सरकारी शिबिरात हे काम शिकला. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, त्यावर विटांचा घुमट, बाजूला शेण कालवायची कुंडी आणि घुमटातून स्वयंपाकघरात जाणारा पाइप. घुमटाला खालून आधार नसतो, विटाच एकमेकींना धरून ठेवतात, असं तो समजावून सांगायचा. ऐकून गिऱ्हाईक घाबरायचं. मग झुलाल घुमटावर उभा राहून चहा प्यायचा. वीस वर्षांत त्याने शंभरावर घुमट बांधले. एकही खचला नाही.

पुढे गावात सिलिंडर आले. बैल गेले, ट्रॅक्टर आले. शेण कमी पडू लागलं आणि ते कालवायला कुणी तयार होईना. लोक झुलालला पुन्हा बोलवू लागले, घुमट फोडायला. दुसऱ्याच्या घणाने तो फुटत नसे. नेमका घाव कुठे घालायचा हे झुलाललाच माहीत होतं. त्याने एकतीस घुमट फोडले. आतला शेणकाला कुणी उपसला नाही. त्यात पालापाचोळा, खरकटं आणि पावसाचं पाणी पडत राहिलं.

दोन वर्षांपूर्वी शिरपूरच्या एका संस्थेतून मेघा नावाची मुलगी आली. जुने गोबरगॅस दुरुस्त होतात का, हे तिला बघायचं होतं. वाट दाखवायला झुलाल तिच्या स्कूटीवर मागे बसला. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर. तिसऱ्याच गावात एका फुटक्या घुमटापाशी ती थांबली. खड्ड्यातल्या काळ्या पाण्यावर बुडबुडे येत होते.

“नाना, हा मिथेन.”

“गॅसच ना? शेगडीत जळतो तो.”

“तोच. जाळला तर ठीक. असाच सोडला तर हवेत जाऊन उष्णता धरून ठेवतो. शेगडीच्या धुरापेक्षा कितीतरी पटीने जास्त.”

“म्हणजे घुमट शाबूत असता तर बरं होतं.”

“हो. आणि फोडून खड्डा असा ठेवण्यापेक्षा मुळात बांधलाच नसता तरी बरं होतं.”

झुलालने उपरण्याने मान पुसली. “या उन्हात माझा वाटा किती?”

मेघा हसली नाही. “मोजता येणार नाही इतका कमी.”

“पण आहे.”

“आहे.”

घरी त्याने बायकोला, ताईबाईला, सगळं सांगितलं. जिथे जिथे घुमट फोडले त्या घरी परत जातो, म्हणाला.

“तुम्हले कोनी इचारं का?” ताईबाईने विचारलं.

“नही.”

“मंग?”

“माले माहीत शे ना.”

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर निघाला. एक तर खड्डा उपसून बुजवा, नाही तर मी घुमट जोडून देतो, एवढंच तो सांगायचा. मोतीलाल नावाच्या शेतकऱ्याने विचारलं, योजना कोणती? झुलाल म्हणाला, कुठलीच नाही. मोतीलालने विचारलं, मग कागद कोणते लागतील?

वच्छलाबाईंच्या दारात मात्र तो जरा वेळ उभाच राहिला. त्याने फोडलेला पहिला घुमट त्यांचा होता. नवा गोठा बांधायला जागा हवी म्हणून त्यांच्या मुलाने, अभिमनने, तो फोडायला लावला होता. गोठा शेवटी दुसरीकडेच झाला.

“तूच फोडा ना रे?” खाटेवरून म्हातारीने विचारलं.

“हा अक्का, मीच फोडा.”

“त्या दिन मी रडनू. तुले दिसनं नही.”

“दिसनं व्हतं.”

म्हातारीने खड्ड्याकडे हात केला. मग म्हणाली, “जोड आते.”

काला उपसायलाच पाच दिवस गेले. झुलालने जुन्या विटा धुऊन पुन्हा लावल्या. घुमटाला साबणाचं पाणी लावून फट शोधली, बुजवली, पुन्हा शोधली. अभिमनच्या सहा म्हशी होत्या, शेणाला तोटा नव्हता. तीन आठवड्यांनी शेगडी पेटली. वच्छलाबाई ज्योतीपुढे हात धरून बसल्या, त्या उन्हाळ्यातही. अभिमन म्हणाला, सिलिंडर असू दे, पाहुणे आले तर लागेल.

एकतीसपैकी नऊ घुमट पुन्हा उभे राहिले. बारा खड्डे उपसून मातीने भरले. सात घरांनी नको म्हटलं, तिथे झुलाल अजून जातो आणि लोक त्याला चहा देतात. उरलेल्या तीन जागांवर बांधकामं झाली आहेत. त्यातली एक व्यायामशाळा आहे.

गेल्या हिवाळ्यात मेघाने त्याला शिरपूरला शिबिरात बोलायला बोलावलं. झुलाल माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “फोडू नका. फोडायचाच असला तर आधी उपसा.” मग तो खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की अजून थांबायचं, हे लोकांना कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत चार जणांनी त्याचा नंबर घेतला. दोघांना गोबरगॅस बांधायचा होता, दोघांना फोडायचा. फोडणाऱ्यांकडे तो आधी गेला.