शुक्रवारचा नॉब

हे मी आजवर कुणाला बोललेली नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवीलासुद्धा नाही — आणि ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी मी तिच्यासमोरच हात जोडून उभी होते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मी बोलत असताना मधे तोंड घालू शकत नाही. मला बोलायला फार लागतं, आमच्या भिवंडीत कुणालाही विचारा. पण ही गोष्ट सोडून तिच्या आजूबाजूचं सगळं मी बोलते. आतासुद्धा बघा, मुद्द्यावर यायला मला वेळ लागणारच आहे.

आधी त्या डबड्याचं सांगते.

माझा टायपिंगचा क्लास होता. घराच्या पुढच्या खोलीत पाच मशीनं, भिंतीवर घड्याळ, आणि दिवसभर टकटक. मी शिकलेली मॅट्रिकपर्यंत. टायपिंग मी पुस्तक उघडं ठेवून स्वतःच शिकले, आणि मशीन बिघडलं की उघडून दुरुस्तही स्वतःच करायची. स्क्रू ड्रायव्हरने जे उघडतं ते मला बंद करता येतं, असा माझा तोरा. नव्वदनंतर जो तो कॉम्प्युटर कॉम्प्युटर करायला लागला, तेव्हा मुंबईतला माझा मामेभाऊ म्हणाला, ताई, सुटे भाग घेऊन जोडला तर निम्म्यात होतो. झालं. चार खेपा केल्या मुंबईला. मुख्य बोर्ड तर टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन आणला एसटीतून. नऊ दिवस जमिनीवर चटई टाकून जोडत बसले. नवव्या दिवशी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, आणि मी अख्ख्या आळीला बोलावून आणलं.

महिला मंडळाने नारळ आणि ब्लाऊजपीस देऊन माझा सत्कार केला. मी चाळीस मिनिटं बोलले. 'कंपनीच्या मशीनला नुसतं नाव असतं, माझ्या मशीनला मन आहे' — असं म्हणाले मी, माईकवर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आज ते वाक्य आठवलं की माझी मलाच किळस येते.

कसलं मन घेऊन बसलात? दीड महिन्यात त्याने गुण दाखवायला सुरुवात केली. डब्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मी मुलींना सांगितलं, चपला घालूनच बसायचं, आणि पायाखाली देवघरातला पाट दिला. आतल्या पंख्याची घरघर अशी, की बाहेर कापडाच्या लूमची खटखट चालू असतानाही ऐकू यावी. फ्लॉपी आत गेली तर बाहेर येईल याची खात्री नाही. पडदा मधूनच थरथरायचा, मग डाव्या बाजूला एक ठेवून द्यायची, की गप. एक स्क्रू हरवला होता, तिथे डॉक्टरी चिकटपट्टी. हे माझं अपत्य! मुली त्याला 'बाईंचा म्हातारा' म्हणायच्या. मला ऐकू यायचं.

तेवढ्यात एसटी स्टँडजवळ दुसरा क्लास निघाला. काचेचं दार, गारेगार खोली, कंपनीची चार मशीनं, आणि दारावर पाटी — चपला बाहेर काढा. बघा म्हणजे. तिकडे चपला काढल्याशिवाय आत घेत नव्हते, आणि माझ्याकडे चपला घातल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती. माझ्या सहा मुली तिकडे गेल्या. त्यांच्या आया रस्त्यात भेटल्या की साडीचा पदर नीट करत दुसरीकडे बघायच्या. काय कळत होतं त्या बायांना? डब्यावरची चकचकीत पट्टी कळत होती. आणि मला तरी? मलाही तीच हवी होती. तसलीच चकचकीत, कंपनीच्या नावाची.

पण मागायची कुठल्या तोंडाने? हे कोर्टात कारकून. एकदा जेवताना मी विषय काढला, तर भात कालवता कालवता म्हणाले, "कंपनीच्या मशीनला नुसतं नाव असतं ना? चालतंय तोवर चालव मनवालं." वर हसले. स्वतः केलेली आमटी खारट झाली तर ती भुरके मारत खावी लागते, दुसरा इलाज नसतो. सुटका एकच — कुणाच्या तरी हातून पातेलं उपडं व्हायला हवं. दुसऱ्या कुणाच्या तरी.

हा विचार माझ्या मनात कधी आला, ते मला नक्की सांगता येणार नाही. आला होता, एवढं खरं.

आता वनिता. ही दिघाशीची मुलगी, वडील थोडी शेती करून पडघ्याला गोदामात हमाली करायचे. पहिल्या एसटीने यायची, सगळ्यांच्या आधी. बोलणं अगदी गावचं — हाय, न्हाय, करताव, जाताव. मी वर्गात तिची नक्कल करायची. मुली हसायच्या, तीही हसायची. माझ्या विनोदाला दाद म्हणून हसते असं मी समजायची. पण पोरीचं डोकं? एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही कधी. कॉम्प्युटरच्या सगळ्या आज्ञा तोंडपाठ. एसटीच्या वेळा तोंडपाठ. माझ्या औषधाच्या गोळ्यासुद्धा तीच आठवण करायची. पडघ्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने मला विचारलं होतं, कॉम्प्युटरवर मालाची बिल्टी करणारी मुलगी द्या. मी वनिताचं नाव दिलं होतं. महिना संपला की ती जाणार होती. घरापासून जवळ, खुर्चीवर बसून काम, डोक्यावर पंखा. तिच्या घरात असली नोकरी कुणी पाहिली नव्हती. वडिलांनी म्हणे तिला नवीन चपला घेतल्या होत्या.

आणि आता स्टॅबिलायझर. भिवंडीबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आठवडाभर लूम चालू, सगळी लाईट ते खाणार, घरात ट्यूब लुकलुकणार. म्हणून प्रत्येक घरात स्टॅबिलायझर — लोखंडी डबा, त्यावर काटा आणि एक गोल नॉब. नॉब वर चढवला की व्होल्टेज वाढतं. पण शुक्रवारी लूमना सुट्टी. सकाळी व्होल्टेज असं उसळतं, की नॉब वरच राहिला तर बल्ब फटाफट उडतात. त्यामुळे शुक्रवार उजाडला की आमच्या आळीत बायका खिडकीतून एकमेकींना ओरडायच्या, अगं, नॉब उतरवलास का? दूध तापवलंस का, विचारावं तसं.

क्लासमधला नॉब माझ्या ताब्यात. मुलींना सक्त ताकीद होती, नॉबला हात लावायचा नाही. काटा काय असतो, लाल पट्टी कशासाठी, हे मी एकीलाही शिकवलं नव्हतं. सगळंच शिकवलं तर मला कोण विचारणार? आणि दिघाशीला लाईटच मुळात पाहुण्यासारखी यायची. शुक्रवारचं हे आमचं शास्त्र वनिताला ठाऊक असायचं कारण नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी वऱ्हाळा देवीला जायची. जाण्याआधी नॉब खाली करायची, क्लासची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची. वनिता येऊन क्लास उघडायची, मशीन लावायची.

त्या शुक्रवारी मी नॉबजवळ गेले. विसरले नव्हते — विसरले असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेलीच नाही. काटा लाल पट्टीच्या टोकाला टेकून थरथरत होता. मी नॉबवर हात ठेवला. ठेवला, हे मला लख्ख आठवतं, गार लागला होता. आणि काढून घेतला. चपला घातल्या. किल्ली शेजारी दिली आणि देवीला गेले.

काय केलं मी? काहीच केलं नाही. एक नॉब फिरवला नाही, एवढंच. नुसतं न करूनही किती करता येतं, बघा. कॉम्प्युटरच्या त्या डब्याने हाताला झिणझिण्या येतात हे मला ठाऊक होतं. पोरीला काही झालं असतं तर? तुम्ही विचाराल. मला देवळाच्या पायऱ्या चढताना, उतरताना, नारळाचा प्रसाद खाताना — एकदाही हा प्रश्न पडला नाही. कंपनीचा कॉम्प्युटर खिडकीशी ठेवावा की भिंतीशी, याचा विचार मी करत होते.

परत आले तर आळीत माणसं. खोलीत जळक्या रबराचा वास. वनिता ओट्यावर बसली होती, मांडीवर फ्लॉपींचा डबा. धूर निघाल्यावर तिने भिंतीतला प्लग खेचला, आणि मुलींचं काम वाया जाऊ नये म्हणून आधी फ्लॉपी बाहेर आणल्या. हाताला काळं लागलेलं, ते तसंच. मी तिला, लागलं का गं, असं विचारलं नाही. सरळ आत गेले, आणि ते पुरतं मेलंय ना, ते बघितलं. मेलं होतं.

मग बाहेर आले. आळी बघत होती. हे बघत होते. ती म्हणाली, "बाई, मी रोजच्यावानी लावलं. त्या नॉबला हात लावायचा न्हाय, आसं तुमीच —"

आता ऐका. हे ते.

मी म्हणाले, "नॉबला नाही म्हटलं होतं. काटा बघायला मनाई केली होती का? काटा लाल पट्टीत असला तर मशीन लावायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं."

सांगितलं नव्हतं. कधीच नाही.

आता ती म्हणेल, न्हाय बाई, तुमी खोटं बोलताव — मी वाट बघत होते. म्हणाली असती तर? आणखी दोन खोटी वाक्यं बोलले असते, तयार होती माझ्याकडे. पण तिने मान खाली घातली. "सांगितलं असंल बाई. माझ्याच ध्यानात न्हाय राहलं."

माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून त्या पोरीने स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास सोडून दिला. इतक्या सहज. आणि मी तो सोडू दिला.

संध्याकाळी वडील आले. उंबऱ्याबाहेरच टोपी काढून उभे राहिले. "पोरीच्या हातून लुस्कान झालं. काय ता सांगा बाई, फेडीन." मी म्हटलं, एक पैसा नको, पोर लहान आहे, चुकते. आळीभर माझ्या मोठ्या मनाची चर्चा झाली. मंडळाच्या अध्यक्षा घरी येऊन गेल्या. मनवाल्या मशीनची मनवाली बाई! ह्यांनी रविवारीच विषय काढला, आता कंपनीचाच घेऊ. आणला. हार घातला. दारावर पाटी लावली, चपला बाहेर काढा.

वनिताला वडिलांनी पुन्हा पाठवलं नाही. पण नोकरी तरी होती, म्हणाल. ट्रान्सपोर्टवाला चौकशीला आला होता, काय झालं ते कानावर आलं म्हणून. त्याला मी काय सांगितलं? वाईट एक शब्द बोलले नाही. मुलगी गुणी आहे म्हणाले. "जरा विसराळू आहे, इतकंच."

विसराळू! माझ्या गोळ्या जिला पाठ होत्या, तिला. का म्हणाले? ती तिथे खुर्चीवर बसली असती, हुशार ठरली असती, तर कुणीतरी कधीतरी विचारलं असतं, की ही कशी विसरली. एवढा पुढचा हिशोब मला जमला. त्याने दुसऱ्या क्लासची मुलगी घेतली. वनिता लूमवर कांडी भरायला लागली, आमच्याच गावात, दिवसभर उभ्याने सूत गुंडाळत. त्या कारखान्यावरून बाजाराचा जवळचा रस्ता जातो. मी लांबच्या रस्त्याने जायला लागले. गुडघ्यांना चालणं चांगलं, असं सांगायची.

कंपनीचा कॉम्प्युटर? तोही बिघडला की. तीन वर्षांत भंगारात गेला. त्याला उघडून बघायची मला हिंमत झाली नाही.

नव्वदीच्या शेवटी शेवटी एकदा पडघ्याला बाजारात गेले होते. भाजीच्या रांगेतून हाक आली, बाई! तिने मला लगेच ओळखलं. लग्न झालेलं, तिथेच बसायची भाजी घेऊन. शेजारी पाच-सहा वर्षांची मुलगी, जुड्यांवर पाणी शिंपडत. वनिता उठून, हात पदराला पुसून, भर बाजारात माझ्या पाया पडली. मुलीला म्हणाली, "ह्या माज्या कॉम्प्युटरच्या बाई. मी यांचा कॉम्प्युटर जाळला व्हता, तरी एक पैसा घेतला न्हाय यांनी." मग मला म्हणाली, "तवापास्नं घरात कसलं बी बटन दाबायच्या आधी दोनदा बघते, बाई. माजं डोकंच तसलं. हिला बी तेच सांगते."

माणसं ऐकत होती. पोरगी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. सांगायला तीन शब्द पुरले असते.

मी म्हटलं, "जाऊ दे गं वनिता. मी केव्हाच विसरले ते."

असं मी तिला माफ केलं. तिने पिशवीत मेथीच्या दोन जुड्या जास्त टाकल्या, पैसे घेतले नाहीत. मी घेतल्या त्या. घरी येऊन निवडल्या, लसूण घालून परतल्या. भाजी चांगली झाली होती.