सुनंदाचं दगडफूल

आज काय आहे, ते तुम्ही विसरलात.

नाही म्हणू नका. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवससुद्धा मोबाईलनं सांगितल्यावर कळणारी माणसं तुम्ही.

माझी सून सुनंदा गेली, त्याला आज वर्ष झालं.

मी बोलतेय, नात घरच्या ग्रुपवर टाईप करतेय. मला अक्षर येत नाही. ती मधूनमधून माझं बोलणं शुद्ध करते. करू दे, आईवर गेलीय.

सुनंदा उंब्रजची. लग्न ठरलं तेव्हा एमएस्सी झालेली, पुढं पीएचडी करणार म्हणाली. भावकीत कुजबुज सुरू, "भाकरी तरी थापंल का ही?"

थापायची. कडेनं जळायची, पण थापायची.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सांगलीत राहायचो. घरामागच्या शेडात माझ्या थोरल्या दिरांची, तात्यांची, सोन्याच्या गलाईची भट्टी होती. सराफांच्या दुकानातला केर आणायचा, धुवायचा, त्यात पारा घालून मळायचा. केरातला सोन्याचा कण न् कण पारा धरून ठेवतो. मग तो गोळा मुशीत तापवायचा.

पारा उडून जातो, सोनं उरतं.

भट्टीवर बसायचा माझा विलास. सुनंदाचा नवरा.

एक दिवस त्याच्या हातातला चहा बशीत सांडला. मग रोजच सांडायला लागला. शर्टाची बटणं सुनंदा लावून द्यायची. जेवण तुटलं, बोललं की अंगावर यायचा.

तात्या म्हणाले, "अशक्तपणा हाय. दूध-अंडी चारा."

मी चारली. हात थरथरायचे ते थरथरतच राहिले.

सुनंदानं मला विचारलं, "आत्याबाई, पारा उडून जातो म्हणत्यात. पण जातो कुठं?"

मी म्हटलं, "वर."

"वर आपल्या खोलीची खिडकी हाय."

मग तिनं पीएचडीला तोच विषय घेतला. हवेतला पारा.

शिराळ्याकडच्या डोंगरातून दगडफूल घेऊन आली. आपण मसाल्यात घालतो तेच. म्हणाली, याला मूळ नसतं, हे हवेवर जगतं आणि हवेतलं विषही धरून ठेवतं. पातळ कापडात त्याच्या पुरचुंड्या बांधल्या. एक भट्टीवर, एक आमच्या खिडकीत, एक गल्लीतल्या देवळापाशी, एक उंब्रजला माहेरी. काही महिने टांगून ठेवायच्या, मग लॅबमध्ये तपासायच्या.

भावकी म्हणाली, सून करणी करतीया.

तात्या येता-जाता चिडवायचे, "काय सूनबाई, तोरणं बांधून झाली का?"

"झाली की तात्या. आता पावणा कोण येतोय बघायचं."

"धुरात काय नसतंय गं. आमची हयात गेली धुरात."

आणि चैत्र आला. मसाल्याचे दिवस.

थोरल्या जाऊबाई, आमच्या आक्का, शेडाच्या दारात मिरच्या भाजायला बसल्या आणि दगडफूल कमी पडलं. वर बघतात तर भट्टीवर पुरचुंडी. घरात असताना दुकानातून कशाला आणायचं?

काढली, भाजली, कुटली.

त्याच दिवशी नव्या मसाल्याचं भरलं वांगं. तात्यांचं जीव की प्राण.

सुनंदा कॉलेजातून आली. भट्टीवरचा खिळा मोकळा.

"आक्का, माझी पुरचुंडी?"

"मसाल्यात घातली की. लय काय वास न्हवता बघ तिला."

तात्यांचा पहिला घास तोंडाशी गेलेला.

"तात्या, थांबा. ते भट्टीवरचं दगडफूल हाय. त्यानं किती पारा धरलाय, मलाबी ठाव न्हाई अजून."

तात्यांनी घास खाली ठेवला. ताट सरकवलं.

सुनंदा त्यांच्यासमोर बसली. आवाज चढवला नाही.

"का वं? धुरात काय नसतंय न्हवं?"

तात्यांनी ताट आणखी लांब सरकवलं.

"चिमूटभर पडलंय त्यात. तेवढं पोटात घालायला भ्यालासा. ह्यांनी तर रोज छाती भरून घेतलंय."

विलास दारात उभा होता. हात पाठीमागं लपवून.

मी थोरल्या दिरापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशीही उघडलं नाही. सून पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली नाही. तात्या सुनंदाकडं आले. "काय करायचं, सांग."

विलासला तिनं भट्टीवरून उठवलं ते कायमचं. मसाल्याचा डबा सील करून लॅबला नेला. आक्का मिरच्यांसाठी आठवडाभर हळहळल्या.

रिपोर्ट आला. आमच्या खिडकीत पारा, देवळापाशीसुद्धा पारा. उंब्रजला नावापुरता.

मग तिनं बंद भांडं करून घेतलं. वर नळी, नळीचं तोंड पाण्यात. उडालेला पारा पाण्यात परत सापडायचा. भट्टी गावाबाहेर गेली. तात्या खुश, का तर पारा वाचतोय. बाकीचे भट्टीवाले ते भांडं बघायला यायचे, तेव्हा छाती काढून सांगायचे, "आमच्या सूनबाईनं काढलंय. डॉक्टर हाय ती. सुई न टोचणारी."

तिला पीएचडी मिळाली तेव्हा पेढे तात्यांनी वाटले. मी फक्त लोकांची तोंडं बघत फिरले. करणीवाल्यांची जास्त.

विलासचे हात सावकाश निवले. एका सकाळी स्वतः बटणं लावून बाहेर आला. एक बटण वरखाली झालं होतं. सुनंदानं ते दिवसभर तसंच राहू दिलं.

गेल्या वर्षी ती झोपेतच गेली. तिच्या कपाळाला शेवटचं कुंकू विलासनं लावलं.

तो रडत होता. पण बोट हललं नाही.

सुनंदा, पोरी, तुझं काम मी त्या बोटात बघितलं. मला वाचता येत नाही, पण तेवढं कळलं.

जा आता सुखानं. तुझ्या या सासूचा तुला नमस्कार.

आणि आज घरी येणाऱ्यांनो, पेढे-बर्फी आणू नका, तिला गोड आवडत नव्हतं. कांदा-लसूण मसाला आणा, नव्या मिरचीचा.

दगडफूल कुठलं, ते विचारून घ्या. मी विचारणार आहे.