बोळाचं दार बुजवलं त्या वर्षी

शिरपूरकडच्या खेड्यातून धुळ्याला सून म्हणून आले तेव्हा मला सतरावं सरत आलं होतं. माहेरी शेती, आणि घरात सगळे अहिराणीच बोलायचे. सासरचं घर कोर्टकचेरीतलं. सासरे, म्हणजे आबा, कोर्टात शिरस्तेदार होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "इथं तुमचं अहिराणी 'शे' आणि 'नही' चालायचं नाही. लोक येतात-जातात." नवरा जळगावला एका गिरणीच्या कचेरीत कारकून होता आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. एरवी घरात आम्ही तिघंच.

परसाच्या टोकाला उंच जोत्यावर संडास होता. खाली टोपली, आणि मागच्या बोळात उघडणारं हातभर उंचीचं लाकडी दार. गल्लीतल्या बऱ्याच घरांत असंच होतं. काहींनी परसात खड्डे खणले होते. कोपऱ्यावरच्या एका सधन घरानं सिमेंटची टाकी बांधली होती, तिचा त्यांना अभिमान होता, पण पावसाळ्यात ती भरून वाहायची आणि मग त्या बाजूनं कोणी जायचं नाही. सकाळी मैला नेणारी बाई बोळातून यायची. ती टोपली काढून गेली की वरून पाणी ओतायचं आणि राख टाकायची, हे काम सुनेचं.

पहिले काही दिवस मी तिला पाहिलंच नाही. फक्त दाराची कडी वाजायची आणि आवाज यायचा, "पानी टाका अक्का." वयानं ती माझ्या दुप्पट असेल, तरी मीच अक्का. एकदा घागर रिकामी होती. मी विचार न करता अहिराणीतच म्हणाले, "थांब माय, आनस."

मग ती म्हणाली, "कोनता गावनी शे तू?"

त्या दिवशी मी परसाच्या भिंतीवरून वाकून तिला पाहिलं. उंच, हाडकुळी, पदर तोंडावर गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. तिचं मूळ गाव शिंदखेड्याकडचं. त्यानंतर रोज दोन-चार वाक्यं व्हायची. कापूस फुटला का, तापीला पाणी किती, तुझा भाऊ आला होता का. एवढंच. पण दिवसभर तोंडात जपून शब्द घोळवणाऱ्या मला ती दोन-चार वाक्यं पुरायची. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी पाणी ओतून झालं तरी ती गेली नाही. मला हळूच म्हणाली, "एक सांगू का? रागे भरू नको. तुना घरमा कोनले तरी रगत पडस. पंधरा दिन व्हयनात. मी रोज दखस."

मी म्हटलं, मूळव्याध असेल.

"मूळव्याध नही. काळं शे. मनी सासूले असंच व्हतं. ती वाचनी नही." मग दार लावता लावता म्हणाली, "मी सांगं हाई कोनले सांगू नको. मनं काम जाई."

घरात माणसं तीन. मी नव्हते. सासूबाई धडधाकट होत्या. आबा मात्र महिनाभर अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत होते, आणि त्यांचा अंगरखा खांद्यावरून सैल पडायला लागला होता. मी ते पाहत होते, पण वय झालं असं समजत होते.

दुपारी सासूबाई भाजी निवडत होत्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. आबांना रक्त पडतं, वैद्याला दाखवायला हवं. त्यांचा हात थांबला. "तुला कसं कळलं?" माझी नजर परसाकडे गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "त्या बाईशी बोलतेस तू?" मी मान खाली घातली. त्यानंतर रक्ताचा विषयच निघाला नाही. घरातल्या सुनेनं बोळातल्या बाईशी बोलावं याचंच त्यांना इतकं लागलं की बाकी काही त्यांना ऐकू आलं नसावं. किंवा ऐकू आलं होतं म्हणूनच त्या दुसऱ्या गोष्टीवर रागावल्या. हे मला पुष्कळ वर्षांनी सुचलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी ओतायला त्या स्वतः जाऊ लागल्या.

नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, "मी आबांना हे कसं विचारू? तोंड कसं उघडू?" दोन दिवस राहून तो परत गेला. त्याला दोष देत नाही. त्या घरात मुलगा बापासमोर खाली बसतसुद्धा नसे.

त्याच सुमारास गल्लीत दुसराच विषय चालला होता. गावात जमिनीखालून गटाराची नळी टाकायची नगरपालिकेची योजना होती आणि सुरुवातीच्या मोजक्या गल्ल्यांत आमची होती. प्रत्येक घरानं संमती देऊन आपला संडास त्या नळीला जोडून घ्यायचा होता. टोपल्या जाणार, खड्डे बुजवायचे, टाक्या बंद. कागद घरोघर आले होते, पण सही कोणी करत नव्हतं. सगळे आबांकडे यायचे. "आबा, तुम्ही काय करताय?" आबा म्हणायचे, "थांबा. आज माझ्या घरची घाण माझ्या परसातून बाहेर जाते. उद्या सगळ्या गावाची घाण माझ्या भिंतीखालून वाहणार. कोणाकोणाची, ते कोण पाहणार? आणि तुंबली की वर कुठं येईल?" लोक मान डोलवायचे आणि जायचे. आबांच्या चष्म्याच्या घराखाली तो कागद तसाच पडून होता.

नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, सासूबाई शेजारी गेल्या असताना मी आबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिले. त्यांच्याशी आपणहून बोलायची माझी ती पहिली वेळ. डोक्यावरचा पदर सावरला आणि एका दमात म्हणाले, "आबा, तुम्हाला रक्त पडतं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "कोणी सांगितलं?"

"मी पाहिलं."

"कुठं?"

"टोपलीत."

सुनेनं टोपलीत डोकावणं यापेक्षा हलकी गोष्ट त्या घरात दुसरी नव्हती. पण त्या बाईला दिलेला शब्द मोडण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

"खोटं बोलू नकोस," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तीस वर्षं साक्षी ऐकल्या आहेत मी."

मी रडायला लागले, पण नाव घेतलं नाही.

"बरं, नको सांगूस." मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "किती दिवस झाले म्हणतात?"

"पंधरा."

"पंधरा नाही. दोन महिने."

नवऱ्याला तार गेली. तो येऊन आबांना जळगावला घेऊन गेला. तिथल्या सर्जननं आतड्यात गाठ असल्याचं सांगितलं आणि ती कापून काढली. आणखी उशीर केला असता तर हात लावता आला नसता, असं तो म्हणाला. महिन्याभरानं आबा परत आले ते निम्मे होऊन. चालताना भिंत धरायचे. संडासाला वारंवार जावं लागायचं, ठरलेली वेळ राहिली नव्हती, आणि त्या माणसाला त्याची किती लाज वाटत होती ते त्यांच्या पाठीवरून कळायचं.

पावसाळा लागला होता. एका सकाळी ते आत असतानाच खाली बोळात पावलं वाजली. दाराची कडी वाजली नाही. आबांना बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर हात धुताना ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ती खाली उभी होती. पावसात. मी उठेपर्यंत थांबली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी घेतली, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि वळसा घालून बोळात शिरले. आमच्या गल्लीतला कोणी पुरुष त्या बोळात पाय ठेवत नसे. मी परसाच्या भिंतीआडून पाहत होते. पाऊस भुरभुरत होता. बाई डोक्यावर भरलेली टोपली घेऊन शेजारच्या घराकडून येत होती. आबांना पाहताच ती भिंतीला चिकटली आणि तोंड फिरवून उभी राहिली. बोळ इतका अरुंद की तिला मागे सरायला जागा नव्हती.

"सांगितलं ते तूच ना?" आबांनी विचारलं.

"नही आबा. मी काय सांगू?"

"बरं."

ते तिथून हलले नाहीत. टोपलीत पावसाचं पाणी साचलं होतं आणि वेताच्या फटींतून ते झिरपत होतं, तिच्या पदरावर, कपाळावर, मानेवरून खाली. ती एका हातानं डोळे पुसत होती. आबा ते पाहत होते. गल्लीतली सगळी घरं इतकी वर्षं वरून पाणी ओतत आली, पण पावसाळ्यात ती टोपली डोक्यावर कशी असते हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं.

"जा तू," शेवटी ते म्हणाले आणि तिला वाट द्यायला स्वतः मागे सरले.

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ते खरं आहे. डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं, धूतवस्त्र नेसले, देवाला हात जोडले. मग चष्म्याच्या घराखालचा कागद काढून त्यावर सही केली. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हीच नको म्हणत होतात." आबा म्हणाले, "म्हणत होतो."

आठ दिवसांत गल्लीतल्या बहुतेक घरांच्या सह्या झाल्या. पावसाळा सरल्यावर खणायला सुरुवात झाली. काळी माती, चर खणला की कडा ढासळायच्या. फळ्या लावून त्या आवरून धरायच्या आणि मग खाली भाजलेल्या मातीच्या जाड नळ्या एकीत एक बसवायच्या. ओव्हरसियर रोज उतार मोजायचा. आबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि त्याला विचारायचे, "पाणी उलटं येणार नाही ना?" तो दर वेळी शांतपणे सांगायचा, "उतार आहे आबा. येणार नाही." कोपऱ्यावरच्या घराची टाकी उपसून मातीनं भरली तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती.

आमच्या घराची जोडणी झाली त्या सकाळी गवंडी बोळाकडच्या दाराची चौकट काढून तिथं विटा रचत होता. ती बाई आली. तिला सांगितलं होतं, येऊ नको म्हणून, तरी आली. मी भिंतीशी गेले. मला वाटलं, तिला बरं वाटत असेल. मी तसं म्हणालेही, "आते तुनं वझं गये माय."

ती विटांकडे पाहत होती. "हां," म्हणाली. "पन आते मी कोठे जाऊ?"

चार दिवसांनी कळलं, नगरपालिकेनं तिला नदीपलीकडच्या वस्तीत दिलं होतं. तिथं नळी पोचायला अजून अवकाश होता. घरं जास्त, वाट लांब, आणि डोक्यावर तेच. आमची गल्ली स्वच्छ झाली, आणि तिचं ओझं मात्र वाढलं. हे मी आबांना सांगितलं. आता त्यांच्याशी बोलायला मला दाराशी उभं राहावं लागत नव्हतं. त्यांनी दौत-टाक मागवला आणि कोर्टातल्या वळणदार अक्षरात नगरपालिकेला अर्ज लिहिला. ही बाई अमुक वर्षं इमानानं काम करत आली आहे, तिला रस्ते झाडण्याच्या कामावर घ्यावं. पहिल्यांदा अक्षर बिघडलं, म्हणून दोनदा लिहिला. शेवटी मजकुरात एक ओळ घातली होती, "तिच्यामुळे माझा प्राण वाचला." ती वाचून सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

थंडी सरता सरता तिला बाजारात झाडण्याचं काम मिळालं. अर्जामुळे, की कोणी जागा सोडल्यामुळे, ते मला कधी कळलं नाही.

आबा ऑपरेशननंतर पावणेदोन वर्षं जगले. गाठ परत आली. शेवटचे दोन महिने मीच त्यांचं सगळं केलं, आणि त्यांनी ते करू दिलं. ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ती उभी असल्याचं दूधवाल्यानं सांगितलं. आत येत नव्हती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "पायरीपर्यंत ये म्हणावं."

ती आली आणि खालच्या पायरीवर बसली. पदर तोंडावरून काढला होता. मी तिचा चेहरा पहिल्यांदा पुरता पाहिला. गालावर देवीचे व्रण होते. सासूबाई उंबऱ्याच्या आत बसल्या, मी दोघींच्या मध्ये. तिनंच आधी विचारलं, "फार तरास व्हयना का त्यासले?"

मी सासूबाईंना ते मराठीत सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "कळलं मला." आणि मग हळूहळू सांगायला लागल्या. शेवटची रात्र कशी गेली, पाणी कसं मागितलं, नाव कोणाचं घेतलं. इतक्या माणसांना सांगून झालं होतं, पण असं सविस्तर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती. बाजार उघडायची वेळ झाली तशी खराटा घेऊन उठली.

त्या उन्हाळ्यात नवऱ्यानं जळगावला खोली घेतली आणि आम्ही दोघी तिकडे गेलो. धुळ्याचं घर भाड्यानं दिलं. त्या बाईची माझी पुन्हा गाठ पडली नाही.