सासऱ्यांचा झाकलेला फोटो

गुरं पाळणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर मी घाण फोटो काढून टाकायचं काम करते. घरातून, फुकट आणि चोरून. संशय आला की यंत्र फोटो धूसर करतं; मग मी तो उघडायचा आणि ठेवायचा की फेकायचा ते ठरवायचं. एक घाण फोटो टाकला की माणूस कायमचा बाहेर. तिथे माझं नाव नाही, नुसतं 'व्यवस्थापक'. त्यामुळे निम्मा घनसावंगी तालुका मला साहेब म्हणतो.

घरात मात्र मी डोक्यावर पदर घेणारी धाकटी सून. सासरे खोकल्याशिवाय स्वयंपाकघराच्या दारात यायचे नाहीत, आणि चहा हवा असला तर भिंतीला विचारायचे, "चहा भेटंल का?" भिंतीच्या वतीने मी ठेवायची.

माझं साहेबपण फक्त जावेला ठाऊक होतं. फोटो उघडायला आम्ही दोघी दाराकडे पाठ करून बसायचो. यंत्र भलतंच लाजाळू. सोललेला भोपळा झाकायचं, कातरलेली मेंढी झाकायचं. खरी घाण क्वचित यायची. ती मी झुरळासारखी चिमटीत धरून फेकायची.

एका दुपारी असाच धूसर फोटो आला. गुलाबी, गोलसर. खाली मजकूर: 'लई सुजलंय. हात लावू देईना. जल्दी उपाय सांगा.' पाठवणारे आमचे सासरे!

जावेने तोंडात पदर कोंबला. "उघडू नको गं बाई! मंग जेवायला कसं वाढायचं त्यांला?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. पण घाण निघाली तर गावात मान असलेल्या या माणसाला मीच हाकलणार होते. तेवढ्यात पुन्हा संदेश: 'साहेब, झाकू नका. जिवावर बेतलंय.'

मी डोळे मिटून बोट दाबलं. मग एक डोळा उघडला.

आमच्या तांबड्या गाईची कास!

जाऊ फतकल मारून हसत सुटली. मीही. पण एक सड लालबुंद सुजलेला दिसला आणि हसू थांबलं. घरच्यांना सोडून हे मंचावर का आले, तेही कळलं. सुनांपुढे 'कास' हा शब्द त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. मी फोटो खुला केला. मंचावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी लगेच लिहिलं: सगळं दूध काढून टाका, कोमट पाण्यानं धुवा, जवळच्या डॉक्टरला बोलवा.

सासरे गोठ्यात, फोन सदऱ्याच्या खिशात. बघतील तेव्हा बघतील! मी कुंभार पिंपळगावच्या डॉक्टरांना फोन केला, कोमट पाण्याची बादली उचलली आणि गोठ्यात जाऊन गाईलाच सांगितलं, "सगळं दूध काढून टाकायचं म्हणे. डॉक्टर निघालेत."

सासऱ्यांनी बादलीकडे पाहिलं. मग खिशातला फोन काढून मंचावर तेच शब्द वाचले. मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं खोकले. मी घरात पळाले. आता साहेबगिरी संपली, असंच वाटलं.

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी गाय रवंथ करायला लागली, तेव्हा मंचावर सगळ्यांसमोर सासऱ्यांचा संदेश झळकला: 'साहेब, पाणी बराबर कोमट होतं. आता चहा पाठवा. साखर कमी.'

म्हातारा बावचळला, असं मंचावरच्या लोकांना वाटलं असेल. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली.